नऊ नंबरचा जोड

…आणि सोळाच्या सोळा गडी चरातून वर आले, फावडी आपटून माती झटकली आणि एका सुरात म्हणाले, "मुकादम, आमचं झालं." काल इथंच थांबलो होतो आपण.

तर मुकादमानं कुणाला शाबासकी दिली नाही, की कुणावर डाफरला नाही. पाण्याचा पाइप टाकायचा लांबलचक चर तो. सकाळीच त्याचे सोळा तुकडे पाडून एकेकाला एकेक नेमून दिलेला. त्यानं काठी उचलली आणि चराच्या काठानं चालायला लागला. चालायचा कसा, तर एका गड्याचा तुकडा संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथं थांबायचा, वाकून आत काठी टोचायचा आणि पुढं सरकायचा. मधला चर बघायचाच नाही. आणि सातव्या-आठव्याच्या मधे निघाला की हो हातभर जाडीचा मातीचा बांध! सातव्याला वाटलं आठवा काढेल, आठव्याला वाटलं हे सातव्याच्या हद्दीत. दोघंही खरं बोलत होते, दोघांचंही काम झालं होतं. चर तेवढा झाला नव्हता.

मुकादमाची लेक त्याचा डबा घेऊन आलेली, ती हे बघत उभी. बाप तिला म्हणाला, "खोदलेलं कशाला बघायचं? ते ज्यानं खोदलं त्यानं बघितलेलं असतं. जोड कुणीच बघितलेला नसतो."

गोष्ट त्या लेकीची आहे. बापाची आपली वाटेत लागली म्हणून सांगितली.

लेक शिकली, कॉम्प्युटरची मोठी परीक्षा पास झाली आणि वाऱ्याच्या हिशेबाच्या ऑफिसात लागली. टायरवाल्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. खालून दिवसभर हातोड्याचे ठोके, वर नऊ माणसं माना खाली घालून. आणि मजा अशी की दुनियेच्या डोंगरांवरचा वारा मोजणाऱ्या त्या ऑफिसात एकही खिडकी उघडत नव्हती. गंजून बसल्या होत्या सगळ्या. पाहुणा आला की विचारायचा, "वारा कुठंय?" आणि नऊ जण कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवायचे.

काम असं, की कुणाला डोंगरावर पवनचक्क्या उभ्या करायच्या असल्या तर कुठली चक्की कुठं रोवायची ते यांनी सांगायचं. डोंगराच्या नकाशावर बारीक बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातला वारा शेजारच्या चौकोनांवरून काढायचा. एक फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. अशा हजारो फेऱ्या, आकडे हलायचे थांबेपर्यंत. थांबले की म्हणायचं, आकडे बसले. बारा दिशांचे बारा वारे, त्यामुळं एका डोंगराला एकोणीस दिवस लागायचे. प्रोग्राम जुना, कुणा रिटायर झालेल्या सद्गृहस्थानं लिहिलेला. कॉम्प्युटरच्या पोटात सोळा कोअर, म्हणजे काम करणारी सोळा डोकी समजा, पण हा प्रोग्राम त्यातलं एकच डोकं वापरायचा.

तिनं हे फोनवर बापाला सांगितलं. म्हातारा खो-खो हसला. म्हणाला, "एक राबतोय आणि पंधरा सावलीला? अगं, त्या कंत्राटदाराला आधी हाकल."

ती कामाला लागली. डोंगराच्या सोळा लांब पट्ट्या पाडल्या, एकेका कोअरला एकेक पट्टी दिली. पण वारा काही पट्टी बघून वाहत नाही. या पट्टीतला वारा त्या पट्टीत शिरणार. म्हणून दर फेरीला सगळ्यांनी थांबायचं, शेजाऱ्याला विचारायचं, "तुझ्या काठावर वारा किती?" आणि मग पुढची फेरी. एकोणीसचे सहा दिवस झाले. ऑफिसात त्या दिवसापासून तिचं नाव मुकादम पडलं. बापाचा धंदा काय, हे तिथं एकालाही माहीत नव्हतं, बरं का. नाव आपसूकच चिकटलं, आणि तिनंही ते मिरवलं.

ऑफिसचे मोठे साहेब होते, त्यांना सगळे पाठीमागं लगेचसाहेब म्हणत. लगेच शिवाय त्यांचं वाक्यच सुरू व्हायचं नाही. ते म्हणाले, "लगेच सांगतो, सहा दिवस उत्तमच. पण दोनच्या आत आणलंस तर लगेच आणखी तीन डोंगर हातात आहेत."

तिनं बघितलं वेळ कुठं जातोय ते. सोळा गडी खोदायच्या चौपट वेळ एकमेकांसाठी खोळंबून उभे असायचे. मग तिनं दोन गोष्टी केल्या. शेजाऱ्याला दर फेरीला नाही, वीस फेऱ्यांतून एकदा विचारायचं. आणि ज्याचे आकडे बसले त्यानं आपापलं सांगून टाकायचं, आमचं झालं. सोळा जणांचं झालं की काम बंद.

सहाचा दीड दिवस झाला.

आता तिला चूक म्हणाल तर तिनं पडताळणी केली, नाही असं नाही. या धंद्यात पडताळणीचा एक ठरलेला डोंगर असतो. यांचा होता टकल्या. गोल, गुळगुळीत, झाडाचं नाव नाही. त्यावर वर्षानुवर्षं खांब लावून खरा वारा मोजलेला. नवा प्रोग्राम आला की तो टकल्यावर चालवायचा, आकडे जुळले की पास. वीस वर्षांची रीत. पण टकल्यावर वारा येतो फक्त पश्चिमेचा, आणि तिच्या पट्ट्याही पश्चिमेकडून पूर्वेकडे पाडलेल्या. म्हणजे वारा पट्टीच्या एका टोकानं शिरला तो दुसऱ्या टोकानं सरळ निघून गेला. शेजाऱ्याच्या दारात पाऊल टाकायची वेळच त्याच्यावर आली नाही. आकडे तंतोतंत जुळले. केक कापला, एक तुकडा खाली टायरवाल्यालाही धाडला.

तिनं बापाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जोड बघितलास का?"

ती हसली. "बाबा, हे मातीचं काम नाही."

"नसेल बाई," तो म्हणाला. त्याच वर्षी तो गेला.

तरी त्याचा शब्द तिच्या मनात कुठंतरी राहिलाच होता. तिच्या टेबलावरच्या वहीत, कामांच्या यादीत, एक ओळ होती: 'उभ्या पट्ट्या – बघणे.' म्हणजे पट्ट्या आडव्या पाडल्यात त्या एकदा उभ्या पाडून तोच डोंगर पुन्हा चालवायचा. दोन्ही उत्तरं सारखी आली तर जोड पक्के. वरच्या ओळी खोडल्या गेल्या, खालच्या खोडल्या गेल्या, पानं उलटली. ती ओळ दर पानावर नव्यानं लिहिली जायची आणि तशीच राहायची. अडीच वर्षं.

आता दुसरं माणूस आणू. तिचा धाकटा दीर. त्याला सगळे खारू म्हणत, कारण खारीसारखा चढायचा. पवनचक्कीच्या मनोऱ्याच्या आत उभी शिडी असते, पंचवीस-तीस मजले. बाकीचे तीन ठिकाणी दम खात, हा वर जाऊन शीळ घालायचा. आणि काम कुठं, तर हिनंच जागा काढून दिलेल्या डोंगरावर. तेरा चक्क्या. घरात दोघांची जुगलबंदी चालायची. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, पण हे दोघं बोलायला लागले की त्या खुर्ची पुढं ओढून बसत.

एकदा जेवताना तो म्हणाला, "वहिनी, तुमचा नऊ नंबर रडतो."

"म्हणजे?"

"बाकीचे बारा घुमतात. हा रडतो. लहान पोराला कुणी चिमटे काढावेत तसा."

"नवीन आहे, भावोजी. बसेल हळूहळू."

"नव्या नवरीसारखं? आमच्या दादाला विचारा, बसायला किती वर्षं लागतात ते."

नवरा ताटातून वर न बघता म्हणाला, "अजून वाट बघतोय." सासूबाईंना ऐकू गेलं नाही, तरी त्या हसल्या.

ही पहिली वेळ. दुसऱ्या वेळी तो नुसता गमतीत नव्हता. म्हणाला, "वहिनी, नवाचे बोल्ट दर आठ दिवसांनी ढिले होतात. इतरांचे वर्षातून एकदा आवळायचे. तिथं वाऱ्यातच काहीतरी खोट आहे."

तिनं ऑफिसात नकाशा उघडून बघितला. नऊ नंबरची जागा सगळ्यात गडद लाल. तेरांत उत्तम वारा तिथला. तिनं घरी येऊन सांगितलं, "मशीनमधे खोट असेल. वारा एक नंबर आहे."

"मशीनवाले म्हणतात वाऱ्यात आहे, तुम्ही म्हणता मशीनमधे आहे, आणि पाना माझ्या हातात आहे," खारू म्हणाला. "एकदा वर चला तुम्ही. बाकीच्या बारांवर वारा ढकलतो. नवावर तो थपडा मारतो. इकडून एक, तिकडून एक."

तिसऱ्या वेळी त्यानं फोन केला, भर दुपारी, कामाच्या धांदलीत. लगेचसाहेब समोर उभे, अकरावा डोंगर निघायचा होता. ती म्हणाली, "बघते," आणि फोन ठेवला. खरंच बघायचं होतं तिला. नाही झालं.

नऊ नंबरच्या वरच्या खोलीत, शिडीच्या तोंडाच्या बरोबर वर, एक झाकण आहे. त्याचे बोल्ट आवळायला वाकायचं तर कमरेच्या बेल्टचा हूक सोडावा लागायचा, कारण हुकाची दोरी तिथवर पोचायला वीतभर कमी पडते. नियम असा, की खाली उतरून लांब दोरी आणायची आणि पुन्हा चढायचं. वर्षातून एकदा माणूस ते करतोही. पण दर आठ दिवसांनी? तिथं हात आपोआप हुकाकडे जातो. मिनिटभर सोडला, आवळलं, पुन्हा लावला. असं त्यानं एकेचाळीस वेळा केलं. बेचाळिसाव्या वेळी वाऱ्यानं थप्पड मारली, मनोरा झोकांडला, आणि खारू शिडीच्या तोंडातून तीन पुरुष खाली लोखंडी फळीवर पाठीवर पडला.

जगला. डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखाली आता काही परत येणार नाही. सासूबाईंना ते दोनदा मोठ्यानं सांगावं लागलं.

दोन दिवस ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून ऑफिसात गेली, वही उघडली, ती ओळ वाचली आणि पट्ट्या उभ्या पाडून तोच डोंगर पुन्हा लावला. दीड दिवसानं उत्तर आलं. दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवले. बारा जागा केसाच्या फरकानं जुळल्या. नववी जुळली नाही. गडद लाल होती ती फिकट पिवळी झाली होती. त्या डोंगराला दक्षिणेकडून एक सोंड आलेली आहे. सहा महिने वारा दक्षिणेचा. तो सोंडेवर आपटायचा, फुटायचा आणि भोवरे खात नेमका नवावर येऊन पडायचा. पहिल्या हिशेबात आडवा जोड गेला होता बरोबर सोंड आणि नऊ नंबरच्या मधून. सोंडेच्या पट्टीला भोवरे माहीत होते. नवाच्या पट्टीला खबर पोचायच्या आतच तिचे आकडे बसले, आणि तिनं सांगून टाकलं, आमचं झालं.

तिला त्या वेळी रडू आलं नाही. बापाची काठी तेवढी दिसली, चराच्या काठानं पुढं पुढं सरकणारी.

ती दोन्ही नकाशे घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी बराच वेळ बघितलं. त्या माणसाच्या तोंडून त्या दिवशी लगेच हा शब्द निघाला नाही. उठले, दार लावलं, म्हणाले, "किती जणांना माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"मग तेवढ्यावरच राहू दे. या प्रोग्रामवर आपण अकरा डोंगर केलेत. तू तोंड उघडलंस तर अकराच्या अकरा दारात येऊन उभे राहतील. इथल्या नऊ जणांच्या चुली आहेत. आणि हे बघ, तो पडला हूक सोडल्यामुळं. त्यानं स्वतःच सांगितलंय ना?"

"सांगितलंय."

"मग तू का अंगावर ओढून घेतेस? पुढच्यासाठी दुरुस्त कर, गाजावाजा न करता."

"आणि झालेले अकरा?"

"बघू," साहेब म्हणाले.

तिनं दुरुस्ती केली. आणि इथं खरा चटका आहे. युक्ती साधी निघाली. गड्यानं आधी आपल्या तुकड्याच्या कडा खोदायच्या, त्यांची खबर शेजाऱ्याला धाडायची, आणि ती पोचेपर्यंत मधलं खोदत राहायचं. खोळंबा नाही आणि दर फेरीला खबरही घेतली जाते. तिच्या बापाचे गडी असंच करायचे, कडेपासून. आणि झालं म्हणायचं ते एकेकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून. सगळं धरून वेळ किती लागला, तर दोन दिवस. साहेबांनी मागितला होता त्याच्या जवळपासच. दीड आणि दोन. मधल्या अर्ध्या दिवसात एका माणसाचे पाय गेले होते.

तीन महिने ती घरी आली, गेली. खारूचं अंग पुसायला सासूबाईंना मदत केली, चादरी बदलल्या, त्याला कुशीवर वळवलं. रोज ठरवायची, आज सांगते. तो काहीतरी विनोद करायचा आणि ती हसून स्वयंपाकघरात निघून जायची.

मग तो कागद आला.

डोंगरावरचा सुपरवायझर दुपारी येऊन देऊन गेला. म्हणाला, संध्याकाळी न्यायला येतो. खारूची कॉट बाहेरच्या खोलीत खिडकीला लावलेली. सासूबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवरा ड्युटीवर निघायचा म्हणून बुटाची नाडी बांधत बसला होता. ती नुकतीच आली होती, पर्स अजून खांद्याला होती.

"या वहिनी," खारू म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो. मी कुठं जाणार म्हणा. हे जरा वाचून दाखवा. वाक्य सुरू होतं तिथं मी जागा असतो, संपतं तेव्हा झोपलेलो."

तिनं उभ्या उभ्याच वाचलं. सुरक्षा पट्टा स्वतःच्या मर्जीनं सोडला, अपघात सर्वस्वी माझ्या निष्काळजीपणानं घडला, यंत्र किंवा जागा यांबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. खाली सहीची जागा.

"म्हणजे फाईल बंद," नवरा म्हणाला. "चौकशी नाही, काही नाही. बसून करायचं काम देतो म्हणालेत. करून टाक."

खारू खिडकीकडे बघत होता. "दादा, काम देतील, ते खरं. पण आमच्या तिथं रीत आहे. बेल्ट टांगायच्या खोलीत प्रत्येकाची एक खुंटी असते, नावाची. माणूस रिटायर झाला, मेला, तरी खुंटी राहते. पण स्वतःच्या चुकीनं पडला असं ठरलं तर तिसऱ्या दिवशी ती उपटतात आणि भोक तसंच ठेवतात. नवीन आलेल्याला दाखवायला. अकरा वर्षं, कुठल्याही डोंगरावर गेलो तरी, माझी खुंटी दाराशेजारी होती. सही केली की तिथं भोक."

"खुंटीचं काय घेऊन बसलास," नवरा म्हणाला.

"मग कशाचं घेऊन बसू? उभं राहायची सोय नाही."

सासूबाईंनी काय झालं म्हणून विचारलं. कुणी सांगितलं नाही. त्या कागदाकडे आणि सुनेकडे आळीपाळीनं बघत राहिल्या, हातातली घडी अर्धीच.

"हूक तर मीच सोडला," खारू म्हणाला, आता थोडा हळू. "त्यात खोटं नाही. पण मला अजून कळत नाही, वहिनी. एवढ्या वेळा मला तिथं का चढावं लागलं? बाराही चक्क्या गुण्यागोविंदानं फिरतात आणि ती एकच का रडते? मी म्हणतो, माझाच काहीतरी भ्रम असेल. आवळायलाच चुकत असेन. तुम्ही शिकलेल्या, वाऱ्यातलं कळतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात वारा एक नंबर आहे, तर असेल. म्हणजे चूक माझीच ना? ते पेन द्या इकडे."

पेन तिच्याच पर्सच्या खिशात होतं. तिनं ते काढलं, मुठीत धरलं. पर्स खांद्यावरून उतरवून खाली ठेवली आणि कॉटच्या कडेला बसली. नवऱ्यानं नाडी अर्धी सोडून वर बघितलं. पर्समधे, घडी घालून, तीन महिने ते दोन नकाशे होते. तिनं ते बाहेर काढले आणि त्याच्या निर्जीव गुडघ्यांवर, चादरीवर, शेजारी शेजारी पसरले.

"हे काय?" खारू म्हणाला. "आता शाळा घेणार का? वहिनी, माणूस संध्याकाळी येणार आहे. एका शब्दात सांगा, सही करू का नको?"

तेव्हा ती जे बोलली ते असं:

"नको, भावोजी. हूक तुम्ही सोडलात, पण नऊ नंबर तिथं मी उभा केला, आणि तो तिथं नको होता. तुम्ही मला तीनदा सांगितलंत. जोड बघायला दीड दिवस लागला असता, आणि मी बघितला नाही. त्या माणसाला संध्याकाळी मी भेटते, तुमच्या खुंटीला हात लावू नका म्हणून सांगते, आणि मग ज्याला ज्याला विचारायचं असेल त्यानं मला विचारावं."